जुन्या कॅमरीचे टायर सेन्सर बदलायचेत? आधी कोणता मेलाय ते बघा, मग खिशात हात घाला

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २०१० ची टोयोटा कॅमरी, सेकंडहँड घेतलेली, १ लाख ३८ हजार मैल पळालेली. गाडी चालू केली की टायरच्या हवेचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग तसाच पेटून राहतो, हवा चारही टायरमध्ये बरोबर आहे, स्टिअरिंगखालचं सेट बटण दाबून दाबून बोट दुखलं तरी काही फरक नाही, एका दुकानात दाखवलं तर चार सेन्सरचे सगळे मिळून ५२० डॉलर सांगितले, आणि ऑनलाइन चाराचा सेट ३२ डॉलरला दिसतोय तर तो मागवून कुठूनतरी बसवून घेऊ का, की सेन्सर काढून टाकून साधा रबरी वॉल्व्हच लावू. बरोबर ना?

मी न्यू जर्सीत १८ वर्षं टायरच्या दुकानात काम करतोय, त्याआधी कराडला वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं त्यामुळे हात काळे लहानपणापासूनच. इथे थंडी पडायला लागली की आठवड्याला दहा-बारा गाड्या तरी याच एका दिव्यासाठी येतात. जरा सविस्तरच लिहितो, कारण यात लोकांचे पैसे सेन्सरच्या किमतीत कमी आणि आयडीच्या, म्हणजे सेन्सरच्या ओळख नंबराच्या, भानगडीत जास्त जातात, आणि ते काउंटरवरचा माणूस सांगत नाही, त्याला तेवढा वेळही नसतो.

तुम्ही दिवा लुकलुकतो असं लिहिलंत ते फार बरं केलंत, निम्मं निदान तिथेच झालं. दिवा सरळ पेटला आणि पेटूनच राहिला तर हवा कमी आहे. अमेरिकेतला नियम असा की दारावरच्या स्टिकरवर जी हवा लिहिलीय त्याच्या २५ टक्के खाली एखादा टायर गेला की दिवा लागलाच पाहिजे, म्हणजे ३२ पीएसआय लिहिलं असेल तर २४ ला. आणि दिवा आधी साठ ते नव्वद सेकंद लुकलुकून मग स्थिर झाला तर हवेचा काही संबंध नाही, यंत्रणाच बिघडलीय, गाडीला एखाद्या चाकाचा सिग्नल येत नाहीये. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक पंपावर जाऊन हवा भरत बसतात, ३२ च्या जागी ४० भरतात, दिवा जात नाही, आणि गाडी खड्ड्यात बैलगाडीसारखी आदळायला लागते.

अजून एक खूण सांगतो. दिवा फक्त थंडीत सकाळी लुकलुकत असेल आणि दुपारी गाडी परत चालू केल्यावर गायब होत असेल तर सेन्सरमधली बॅटरी शेवटच्या घटका मोजतेय असं समजा. गारठ्यात मरायला टेकलेल्या बॅटरीचा व्होल्टेज पडतो, ऊन लागलं की पुन्हा थोडी जीवात जीव. अशी गाडी आली की मी गिऱ्हाइकाला सांगतो की बाबा अजून एक हिवाळा काढशील, फार तर दोन, आत्ता घाई करू नकोस, पण पैसे बाजूला काढून ठेव. (थंडीत खरोखर हवा कमी होऊनही दिवा लागतो हां, दर १० डिग्री फॅरनहाइटला साधारण १ पीएसआय उतरते, पण तो सरळ पेटणारा दिवा. लुकलुकणारा वेगळा.)

आता हा सेन्सर म्हणजे आहे काय. चाकाच्या आत, वॉल्व्हच्याच बुडाला, काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकची डबी असते. आत हवेचा दाब मोजणारी चिप, एक छोटा रेडिओ आणि नाण्यासारखी लिथियमची बॅटरी, आणि हे सगळं रेझिन ओतून बंद केलेलं. गाडी उभी असली की तो झोपतो, चाक फिरायला लागलं की जागा होऊन थोड्या थोड्या वेळाने माझा नंबर अमुक, हवा तमुक असं ओरडत राहतो. अमेरिकेतल्या तुमच्या कॅमरीत हे ओरडणं ३१५ मेगाहर्ट्झवर चालतं. बॅटरी पाच ते दहा वर्षं टिकते, गाडी किती चालते त्यावर. म्हणजे २०१० च्या गाडीत कंपनीतून आलेले सेन्सर अजून चालू असतील तर तो चमत्कारच, आणि आधीच्या मालकाने मधे एखादा बदलला असेल तर कुठला हे तुम्हाला माहीत नाही.

बॅटरी बदलता येते का हा प्रश्न हमखास येतो, आणि येणारच, आपण घड्याळाचा सेल बदलून वापरणारी माणसं. येते. रेझिन खरवडून, जुनी बॅटरी कापून, नवी टॅब असलेली सोल्डर करून, पुन्हा इपॉक्सी ओतून. मी स्वतः हौस म्हणून दोन केले होते. एक चालला, एकाने चार महिन्यांत मान टाकली आणि मग तेवढ्यासाठी टायर परत उतरवावा लागला. हायवेला चाक मिनिटाला शेकडो फेरे मारतं, उन्हाळ्यात टायरच्या आत चांगलंच तापतं, तिथे आपल्या हातचा सोल्डर किती टिकणार. हौस असेल तर करा. पैसे वाचवायला म्हणून करू नका.

तर पहिलं काम, काहीही मागवायच्या आधी चारही सेन्सर तपासून घ्या. प्रत्येक टायरच्या दुकानात हातात धरायचं एक यंत्र असतं, ते वॉल्व्हजवळ धरून बटण दाबलं की १२५ किलोहर्ट्झचा सिग्नल सोडून झोपलेल्या सेन्सरला उठवतं आणि सेन्सर आपला आयडी, हवा, तापमान सांगतो, बरेचसे बॅटरी ठीक की संपत आलीय तेही सांगतात. टायर उतरवायचा नाही, जॅक लावायचा नाही, चारी चाकांचं मिळून पाच मिनिटांचं काम. आमच्याकडे याचे पैसे घेत नाहीत, काही ठिकाणी दहा-वीस डॉलर घेतात, द्या, वाया जात नाहीत. आणि जो जो सेन्सर बोलेल त्याचा आयडी लिहून घ्या किंवा स्क्रीनचा फोटो काढा. हा फोटो पुढे कामाला येणार आहे, का ते खाली सांगतो.

ज्या दुकानाने न तपासता थेट चारचा आकडा सांगितला त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, पण चार खरंच मेलेत की एकच हे तुम्ही विचारायला हवं होतं. तरीही, आणि हे ऐकून जरा विचित्र वाटेल, तपासल्यावर एकच मेलेला निघाला तरी मी तुम्हाला चारही बदलाच म्हणेन, फक्त चारही मूळचे असतील तर आणि योग्य वेळी. कारण उघड आहे, चौघे एकाच दिवशी जन्मले, एकत्रच पळाले. एक गेला की बाकीचे सहा महिने ते दोन वर्षांत रांगेने जातात. आणि सेन्सरचा खर्च सेन्सरपुरता नसतोच, चाक काढा, टायर रिमवरून उतरवा, सेन्सर बदला, टायर चढवा, बॅलन्सिंग करा, ही मजुरी प्रत्येक चाकाला १५ ते ३० डॉलर, दर वेळी नव्याने. सेन्सर साधारण तीसेक ग्रॅमचा असतो, नवा जुन्याच्या बरोबर वजनाचा नसतो, म्हणून बॅलन्सिंग टाळता येत नाही, टाळलं तर ६५ मैलाच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं.

योग्य वेळ म्हणजे काय तर नवीन टायर टाकताना. तेव्हा टायर उतरणारच असतो, मजुरी टायरच्याच पैशात येते, तुम्ही फक्त सेन्सरचे पैसे देता. तुमच्या टायरची नक्षी किती उरलीय बघा, ४/३२ इंचाच्या आसपास आली असेल तर दोन-चार महिने थांबा आणि दोन्ही कामं एकत्र करा. तोपर्यंत वीस डॉलरचा चांगला गेज घ्या आणि महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी हलवायच्या आधी, हवा स्वतः मोजा. दिवा पेटलेला राहू दे, तो काही चावत नाही. न्यू जर्सीत २०१० पासून खासगी गाड्यांची तपासणी फक्त धुराची होते, हा दिवा त्यात येत नाही, त्यामुळे त्यासाठी गाडी नापास व्हायची भीती नाही. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथला नियम बघून घ्या.

आता मुख्य घोळ. सेट बटण. टोयोटावाल्यांनी हे बटण देऊन जेवढा गैरसमज पसरवलाय तेवढा कुणी पसरवला नसेल राव. ते बटण नवीन सेन्सरची ओळख करून देत नाही. ते गाडीला फक्त एवढंच सांगतं की आत्ता टायरमध्ये जी हवा आहे ती बरोबर धर आणि इथून खाली गेली तर ओरड. इग्निशन ऑन करून बटण दाबून धरायचं, दिवा सावकाश तीनदा मिचकावला की सोडायचं, काही मिनिटं इग्निशन तसंच ऑन ठेवायचं, झालं. मेलेला सेन्सर त्याने जिवंत होत नाही आणि नवा सेन्सर त्याने गाडीला कळत नाही. उलट धोकाच आहे, टायरमध्ये हवा २२ असताना नुसता दिवा घालवायला कोणी बटण दाबलं तर गाडी २२ लाच बरोबर धरून बसते आणि मग पार खाली जाईपर्यंत गप्प. तुम्ही दाबदाब दाबलंय म्हणता, तर आधी चारही टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे हवा भरा, आणि सेन्सरचं काम झाल्यावर मगच एकदा नीट सेट करा.

गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये चार आयडी लिहिलेले असतात, आणि तो फक्त त्या चार नंबरांचंच ऐकतो. असायलाच हवं, नाहीतर सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या पंक्चर टायरमुळे तुमचा दिवा पेटेल. नवीन सेन्सर म्हणजे नवीन नंबर, आणि तो कॉम्प्युटरमध्ये लिहिल्याशिवाय सेन्सर कितीही भारी असो, गाडीच्या लेखी तो नाहीच. गिऱ्हाईक घरून सेन्सर आणतं, कुठल्यातरी दुकानात बसवून घेतं, दिवा तसाच, मग म्हणतं सेन्सर डुप्लिकेट निघाले. निघालेले नसतात बऱ्याचदा, त्यांचं नावच नोंदवलेलं नसतं.

नोंदवायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी. जनरल मोटर्स आणि फोर्डच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना शिकण्याच्या मोडमध्ये टाकता येतं. फोर्डमध्ये चावी ऑफ-ऑन तीनदा, ब्रेक, पुन्हा ऑफ-ऑन तीनदा असा एक मंत्र असतो, मग डाव्या पुढच्या चाकापासून सुरू करून घड्याळाच्या काट्यासारखं फिरत एकेका सेन्सरला यंत्राने उठवायचं, गाडी प्रत्येकाला हॉर्न वाजवून पावती देते. पहिल्यांदा बघणाऱ्याला जाम मजा वाटते. काही गाड्या नुसत्या वीस मिनिटं चालवल्या की स्वतः शिकतात. होंडाच्या २०१३ नंतरच्या अकॉर्डसारख्या गाड्यांत तर चाकात सेन्सरच नाही, ब्रेकच्या एबीएस यंत्रणेच्या सेन्सरवरून चाकाचा वेग बघतात, हवा कमी झाली की चाक किंचित लहान होऊन जास्त फेरे मारतं त्यावरून ओळखतात. तशा गाडीचा मालक सेन्सर बदलायचेत म्हणून आला तर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवतो. पण तुमच्या काळातली टोयोटा यातलं काहीच करत नाही. तिला स्टिअरिंगखालच्या ओबीडीच्या सॉकेटमधून, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला बाहेरचं यंत्र जोडायच्या जागेतून, आयडी लिहूनच द्यावे लागतात, आणि चारही एकदम. एक नवा असेल तरी बाकीच्या तीन जुन्यांचे नंबर पुन्हा घालावे लागतात, म्हणूनच तो फोटो काढून ठेवायला सांगितलं.

हे लिहिणारं यंत्र कुठलं हेही बघून घ्या. ऑटेलचं टीएस-४०८ बरेच लोक घरी वापरायला घेतात, चांगलं आहे, सेन्सर वाचतं, स्वतःच्या कंपनीचे कोरे (आयडी न भरलेले) सेन्सर प्रोग्रॅमही करतं, पण त्याला ओबीडीची वायर नाही, म्हणजे कॅमरीच्या कॉम्प्युटरमध्ये ते काही लिहू शकत नाही. त्याचाच मोठा भाऊ टीएस-५०८ लिहितो. टोयोटाचं स्वतःचं सॉफ्टवेअर टेकस्ट्रीम, ते आणि एक केबल लॅपटॉपला लावूनही होतं, आयटीतली पोरं हे घरी करतात आणि छान करतात. त्यात एरर कोडही दिसतात, सी२१२१ ते सी२१२४ यातला कोड असेल तर त्या त्या क्रमांकाच्या सेन्सरचा सिग्नल नाही. पण एक लक्षात ठेवा, आयडी १ म्हणजे डावं पुढचं चाक असं काही नाही. तुमच्या गाडीला कुठलं चाक कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही, चारमधलं कुठलंतरी एक, बस. म्हणून टायर रोटेशन, म्हणजे चाकांची आपसात अदलाबदल, केल्यावर काही करावं लागत नाही, आणि म्हणूनच कोड बघून थेट डावं पुढचं चाक उघडू नका, आधी यंत्राने चारही विचारा. वीस डॉलरवाला साधा ब्लूटूथ कोड रीडर बहुतेक वेळा हे कोड दाखवतच नाही, तो इंजिनापुरता.

आता याला एक पळवाट आहे आणि मला ती फार आवडते. क्लोनिंग. बाजारात कोरे सेन्सर मिळतात, श्रेडरचा ईझी-सेन्सर, ऑटेलचा एमएक्स. यांच्यात आपण हवा तो आयडी भरू शकतो. जुन्या सेन्सरचा नंबर वाचायचा, तोच नव्यात भरायचा, टायरमध्ये बसवायचा. गाडीला कळतच नाही की आत माणूस बदललाय. ओबीडीचं काही काम नाही. थंडीचे टायर वेगळ्या रिमवर ठेवणाऱ्यांसाठी तर हे सोन्यासारखं, दोन्ही सेटमध्ये तेच चार नंबर, नोव्हेंबरात चाकं बदलली की काम संपलं, दरवेळी दुकानात जाऊन नंबर लिहून घ्यायला नको. फक्त ते बदललेले टायर गाडीजवळ गॅरेजमध्ये ठेवलेत म्हणून गोंधळ होईल का असं लोक विचारतात, होत नाही, पडून असलेलं चाक फिरत नाही, सेन्सर झोपलेला असतो.

क्लोनिंगची अडचण एकच, सेन्सर पूर्ण मेला असेल तर नंबर वाचणार कसा. त्याला दोन उपाय. एक, टायर उतरवल्यावर सेन्सरच्या अंगावरच नंबर छापलेला असतो, आकडे आणि ए ते एफ अक्षरं मिळून, भिंगाने बघावा लागतो आणि बी आणि ८ मधे माझी दोनदा फसगत झालीय. दोन, गाडीच्या कॉम्प्युटरमधून नोंदवलेले चारही आयडी वाचून काढायचे, यंत्राने किंवा टेकस्ट्रीमने. तेव्हा जे तीन जिवंत बोलले ते वजा केले की उरला तो मेलेल्याचा. म्हणून म्हटलं, बॅटरी कमी असा इशारा आला असेल पण सेन्सर अजून बोलत असेल तर तेव्हाच नंबर टिपून ठेवा.

आता ते ३२ डॉलरवाले. मी सरसकट वाईट म्हणणार नाही, पण आमच्या बाकावर आलेल्यांत मला तीन तक्रारी दिसल्या. वर्षभरात बॅटरी संपते, वॉल्व्हचा धातू इतका मऊ की नट आवळताना आटा जातो, आणि चुकीच्या फ्रीक्वेन्सीचा माल येतो. शेवटचं फार महत्त्वाचं. अमेरिकेत काही गाड्यांना ३१५ मेगाहर्ट्झ, काहींना ४३३, आणि काही कंपन्यांनी तर त्याच मॉडेलमध्ये मधल्या वर्षात बदललंय. तुमच्या गाडीला ३१५ च. यावरून आठवलं, भारतातून चुलतभावाचा फोन येतो, तुझ्याकडे स्वस्त मिळतात ना, येताना चार सेन्सर बॅगेत टाकून आण. आणू नका हो. भारतात आणि युरोपात ४३३ वर चालतं, इथला ३१५ वाला सेन्सर तिथे बसवलात तर तो आयुष्यभर ओरडेल आणि गाडीला ऐकूच येणार नाही. न्यायचेच असतील तर दोन्ही फ्रीक्वेन्सीत प्रोग्रॅम होणारा कोरा सेन्सर न्या, आणि तिकडे प्रोग्रॅम करणारा माणूस आहे का ते आधी विचारा.

मग घ्यायचं काय. मूळच्या दर्जाचा हवा असेल तर डेन्सो कंपनीचा, सरळ बसतो पण आयडी ओबीडीने लिहावा लागतो. नाहीतर वर म्हटले ते कोरे सेन्सर. मला विचाराल तर एवढ्या जुन्या गाडीला चांगल्या कंपनीचा कोरा सेन्सर पुरे, ३० ते ५० डॉलरला एक. डीलरकडे यापेक्षा बरेच जास्त जातात आणि तुमच्या गाडीत तेवढे घालण्यात मला काही अर्थ दिसत नाही. एक गोष्ट मात्र आधी विचारा, बरीच मोठी चेन दुकानं गिऱ्हाइकाने घरून आणलेला सेन्सर बसवत नाहीत, आणि बसवला तरी गॅरंटी देत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही, उद्या तो बंद पडला तर टायर उतरवायची मजुरी कोणी द्यायची यावर भांडण होतं. लहान दुकान शोधा, मालक स्वतः हात घालत असेल असं, त्याला फोनवरच विचारा की सेन्सर, बसवणं, बॅलन्सिंग आणि आयडी लिहिणं सगळं धरून किती. आयडी लिहिणं हा शब्द वापरा. वेगळा आकार लावणार असेल तर तिथेच कळतं.

बसवतानाचं थोडं सांगतो, तुम्ही स्वतः करणार नसलात तरी समोर उभं राहून बघता येईल. टायर रिमपासून सुटा करायला मशीनचा जो फावड्यासारखा दात असतो तो वॉल्व्हच्या जवळ लावायचा नाही, लावला की आतला सेन्सर पापडासारखा मोडतो. नव्या पोरांकडून हे होतं, माझ्याकडूनही पहिल्या वर्षी झालं, आणि पैसे पगारातून गेले. तुमच्या गाडीत वॉल्व्ह धातूचा, नटाने आवळलेला असतो. नवा बसवताना रबरी वॉशर, नट, आतली पिन, टोपी सगळं नवीन हवं, सेन्सरबरोबर येतंच. नट आवळायला टॉर्कचा पाना वापरतोय का बघा. हे काम अगदी हलक्या हाताचं, बनावटीप्रमाणे साधारण ४ ते ८ न्यूटन-मीटर, पाकिटावर लिहिलेलं असतं. चाकाचे नट आवळायच्या सवयीने कोणी जोर लावला तर वॉल्व्ह मुळातून तडकतो, आणि त्याच दिवशी तडकला तर नशीब, तीन आठवड्यांनी हायवेला तडकला तर हवा एका झटक्यात जाते.

पिन आणि टोपीचं लोकांना खोटं वाटतं. वॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असतो. त्यात साधी पितळी पिन घातली किंवा वर शोभेची पितळी टोपी लावली तर दोन धातूंच्या मध्ये मिठाचं पाणी शिरून ते एकमेकांना गंजवून धरतात, आणि इथे न्यू जर्सीत रस्त्यावर हिवाळाभर मीठच टाकतात. मग हवा भरायला टोपी फिरवली की टोपीबरोबर वॉल्व्हच हातात येतो. एका आजोबांच्या गाडीला नातवाने चकचकीत टोप्या लावल्या होत्या, चारही चिकटल्या, दोन वॉल्व्ह माझ्या हातात तुटले, आजोबा मला बोलले, नातवाला नाही. निकेलचा मुलामा दिलेली पिन आणि साधी प्लास्टिकची टोपी, एवढंच वापरा. सेन्सर बदलायचा नसेल, फक्त टायर बदलताय, तरी हा पाच-सात डॉलरचा रबर-पिनचा सेट नवा टाकून घ्या.

हवा भरून झाली की वॉल्व्हच्या बुडाशी साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघायला सांगा. कराडला आम्ही ट्यूब बादलीत बुडवायचो, इथे बाटलीतून फवारतात, बाकी विद्या तीच. आणि पंक्चर झाल्यावर डबीतून जो फेस टायरमध्ये मारतात तो शक्यतो टाळा, तो सेन्सरच्या हवेच्या बारीक भोकात जाऊन बसतो आणि मग धडधाकट सेन्सर भलतंच काहीतरी सांगायला लागतो. मारलाच असेल तर टायरवाल्याला आधी सांगा, नाहीतर टायर उघडल्यावर सगळा राडा त्याच्या अंगावर येतो आणि तुमच्याबद्दलचं त्याचं मत बदलतं.

सेन्सर काढून टाकून साधा रबरी वॉल्व्ह लावला तर, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. कायदा असा की चालू असलेली सुरक्षा यंत्रणा दुकानदाराने जाणूनबुजून बंद पाडायची नाही. पण सेन्सर आधीच मेलेला असेल तर त्याच्या जागी साधा वॉल्व्ह लावला म्हणून तो कायदा मोडत नाही, सरकारी खात्यानेच टायरवाल्यांच्या संघटनेला तसं कळवलंय. तरी बरीच दुकानं लावत नाहीत, त्यांना कटकट नको असते. मी लावतो, पावतीवर लिहून, पण आधी दोन वाक्यं ऐकवतो. हे सेन्सर काही कंपन्यांना हौस म्हणून आले नाहीत. फोर्ड एक्सप्लोररवरचे फायरस्टोन टायर फुटून, गाड्या उलटून अमेरिकेत २७१ माणसं गेली, ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत मागवले, त्याच वर्षी नोव्हेंबरात कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीत हा दिवा सक्तीचा झाला. कमी हवेचा टायर बाहेरून दिसत नाही, आत तापत राहतो. तुम्ही महिन्याला गेज लावणारे असाल तर सेन्सरशिवाय चालेल. पण लावणारे माझ्या अनुभवात शंभरात पाच, आणि तेही बहुतेक रिटायर झालेले.

म्हणून तुमच्यासाठी माझा क्रम असा. या आठवड्यात कुठेही जाऊन चारही तपासा, नंबरांचा फोटो काढा. टायर अजून दोन वर्षं चालणारे असतील आणि एकच सेन्सर मेला असेल तर तेवढा एक कोरा घेऊन जुन्याच्या नंबरावर क्लोन करून घ्या, सगळं धरून ८०-९० डॉलरच्या वर जायला नको. टायर संपत आले असतील तर थांबा, टायरबरोबर चारही टाका, सेन्सरचे दीडशे ते दोनशे धरा. सुट्या स्टेपनीची चिंता करू नका, तुमच्या गाडीतल्या बारक्या स्टेपनीत सेन्सर नसतो, टोयोटाच्याच ४रनरसारख्या गाडीत असतो आणि तिथे लोक चार बदलून पाचवा विसरतात आणि दिवा काही जात नाही.

काम झाल्यावर दुकानातून लगेच निघू नका. थंड हवा स्टिकरप्रमाणे, मग सेट बटण, मग वीसेक मिनिटं तीस मैलाच्या वर वेगाने चालवून या, मग गाडी बंद करून पुन्हा चालू करा. पहिल्या दीड मिनिटात लुकलुकला नाही तर काम झालं. लुकलुकला तर परत आत जा आणि आयडी पुन्हा वाचायला सांगा, दहातल्या आठ वेळा एखादा आकडा चुकलेला असतो. आणि ते चार नंबर एका कागदावर लिहून ग्लव्ह बॉक्समध्ये टाकून ठेवा, गाडी विकाल तेव्हा पुढच्या माणसालाही तो कागद द्या.